मोहरीएवढी दाढ

१

दागिने चोरीला गेले तर माणूस पोलिसांकडे जातो. लाखो वर्षांपूर्वी मेलेल्या उंदराची मोहरीएवढी दाढ चोरीला गेली, तर माणूस वहिनीला फोन करतो. निदान आमच्या घरात तरी तशी पद्धत आहे.

फोन माझ्या नणंदेचा होता. तिला सगळे बेबी म्हणतात. चाळिशी उलटली, कानशिलं पांढरी झाली, नावामागे डॉक्टर लागलं, तरी बेबी ती बेबीच. डॉक्टर मीही आहे, पण दातांची. माझे पेशंट जिवंत असतात आणि किंचाळतात. बेबीचे पेशंट कधीच नामशेष झालेत, त्यामुळे तिला शांतपणे काम करता येतं. त्या दिवशी मात्र ती शांत नव्हती. "वहिनी, माझी दाढ गेली," एवढंच ती म्हणाली. मी सवयीने विचारलं, वरची की खालची. "वरची, डावी, पहिली," म्हणाली आणि हुंदका देऊन रडायला लागली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ही स्वतःच्या तोंडाबद्दल बोलत नाहीये.

ती दाढ आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. बेबी संग्रहालयात काम करते. गावाबाहेरच्या खाणीतली माती पोत्यांनी आणायची, पाण्यात भिजवायची, बारीक चाळणीतून धुवायची, आणि चाळणीत उरलेला कचरा वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली दाणा दाणा बघायचा, हा तिचा उद्योग. उंदीर मेला की त्याचं सगळं मातीत जातं, दात तेवढे उरतात. त्या दातांवरचे उंचवटे किती, ते एकमेकांना जोडलेले कसे, झिजलेत किती, यावरून तो उंदीर कुठल्या जातीचा हे बेबी सांगते. त्या खाणीत एका जातीचे दात पैशाला पासरी सापडतात. त्याला ती 'नेहमीचा' म्हणते. आणि मग एके दिवशी तिला एक दाढ सापडली, जिच्यावर पुढच्या कोपऱ्यात एक जास्तीचा उंचवटा होता. असा उंचवटा कुठल्याच माहीत असलेल्या उंदराला नाही. म्हणजे हा नवा उंदीर. त्या आनंदात तिने आम्हा सगळ्यांना जेवायला बाहेर नेलं होतं आणि जेवताना माझ्या नवऱ्याच्या ताटात पावाच्या तुकड्याने तो उंचवटा काढून दाखवला होता.

त्या दाढेची परीक्षा करायला त्याच दिवशी दुपारी एक पाहुणे येणार होते. म्हातारे, उंदरांच्या दातांत केस पिकवलेले. ते हो म्हणाले की जगात हो. आणि सकाळी बेबीने डबी उघडली तर आत टाचणीच्या डोक्यावर दाढ होती, पण तिची नव्हती. नेहमीच्याची होती.

"कुणी मानेल का वहिनी?" ती म्हणाली. "सगळे म्हणतील, नवीन उंदीर कधी नव्हताच. हिने बनाव केला. चूक केली तर माफ करतात आमच्यात, लबाडी केली तर कायमचं घरी पाठवतात."

घरातल्या चोऱ्या पकडण्यात माझा हात कोणी धरत नाही. मी सकाळच्या पेशंटना उद्या या म्हणून कळवलं. ते इतके खूश झाले की मला जरा अपमान वाटला. मग पर्स उचलली आणि निघाले.

२

बेबीची खोली संग्रहालयाच्या मागच्या अंगाला आहे. एक लांब टेबल, दोन सूक्ष्मदर्शक, भिंतीभर खण, कोपऱ्यात मोरी आणि मोरीवर खिळ्यांना टांगलेल्या चाळण्या, मोठ्या भोकांपासून पिठाच्या चाळणीपेक्षा बारीक भोकांपर्यंत. खणांची किल्ली दारामागच्या खिळ्याला लटकलेली. ती तिथे असते हे संग्रहालयातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं. मी कपाळावर हात मारला.

टेबलाशी सर बसले होते. सर म्हणजे बेबीचे गुरू. याच खोलीत त्यांनी उभी हयात काढली, बेबीला हातात ब्रश कसा धरायचा इथपासून शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी येऊन बसतात. ते माझेही पेशंट आहेत. म्हणजे होते. खालच्या दाढेतलं भरण निघालंय, येऊन जा, असं मी त्यांना वर्षभर सांगत होते आणि ते वर्षभर मला रस्त्यात बघून पलीकडे जात होते. आज पळायला जागा नव्हती. त्यांनी मला कसनुसा नमस्कार केला. पुढ्यातल्या चहात बिस्किट बुडवलं, ते पार विरघळेपर्यंत धरून ठेवलं आणि लगदा चमच्याने प्यायले. बेबीला म्हणाले, बाळ, पाहुण्यांना कळवून टाकू, तुझी तब्येत बरी नाही. बेबीने मान हलवली. आज पळाले तर उद्या लोक काय म्हणतील, हे तिला कळत होतं.

मी सूक्ष्मदर्शकातून डबीतली दाढ बघितली. उंदराची असली तरी दाढ ती दाढ. मी बेबीला विचारलं, इतकी बेमालूम बसवली आहे, मग तू ओळखलीस कशी? ती म्हणाली, उंचवटा नाही, एवढाच फरक आहे. बाकी सगळं जागच्या जागी. वरची पहिली डावी दाढच शोधून लावली आहे. रंगही तोच, कडक चहाचा. टाचणीच्या कडेला शाईचा ठिपका असतो, दाढेची पुढची बाजू त्या ठिपक्याकडे यायला हवी. तीही बरोबर आली आहे. "मला आठवत नसतं तर मी म्हटलं असतं, ही मीच लावली आहे," ती म्हणाली.

ते वाक्य मी मनात घडी घालून ठेवलं.

मग मोरीकडे गेले. सगळ्या चाळण्या कोरड्या होत्या. सगळ्यात बारीक जी, ती मात्र ओली होती आणि खाली घमेल्यात गढूळ पाणी होतं. बेबी म्हणाली की पाहुण्यांच्या तयारीमुळे तिने आठवडाभर माती धुतलीच नव्हती. मी चाळणीत बोट फिरवून बोट उजेडात धरलं. त्यावर खाणीतली माती नव्हती. केस होते, दोऱ्याचे तुकडे, पेन्सिलीचा भुगा आणि बिस्किटाचा चुरा.

कोणीतरी या खोलीची जमीन झाडून तो केर चाळणीत धुतला होता.

३

संशयितांची वानवा नव्हती. पहिला मान हत्तीवाल्यांचा.

हत्तीवाले हे गृहस्थ शेजारच्या दालनात बसतात. जुन्या काळच्या हत्तींची हाडं हा त्यांचा विषय, त्यामुळे जे उचलायला दोन माणसं लागत नाहीत त्याला ते शास्त्र मानत नाहीत. बेबीच्या खोलीवर त्यांचा डोळा होता, कारण त्यांच्या हत्तीची मांडी व्हरांड्यात पडून होती आणि लोक तिच्यावर बसून डबे खात होते. त्यातून बेबीच्या नव्या उंदराला त्यांनी भर सभेत विरोध केला होता. त्यांचं म्हणणं असं, की तो उंचवटा वगैरे काही नाही, नेहमीच्या दाढेला चिकटलेला मातीचा कण आहे. दुर्दैवाने उंचवट्याच्या बुडाशी थोडी माती खरोखरच होती. दाढ तडकेल या भीतीने बेबीने ती काढायला हात लावला नव्हता.

मी त्यांना बोलावून फक्त एवढंच म्हटलं, बघा बरं दाढ कशी वाटते. त्यांनी डोळा लावला आणि चेहरा असा खुलला की विचारू नका. मॅडम, मी काय सांगत होतो, कण पडला, म्हणाले. झाला ना साधा उंदीर. दाढ बदलली आहे याची त्यांना गंधवार्ता नव्हती, किंवा ते फार चांगलं नाटक करत होते. पण फायदा तर सगळा त्यांचाच होत होता.

मी चाचणी घ्यायची ठरवली. बेबीकडून नेहमीच्या उंदराच्या दातांची एक बशी घेतली, हत्तीवाल्यांच्या हातात ओला ब्रश दिला आणि म्हटलं, यातली वरच्या जबड्यातली डावी दाढ उचलून टाचणीवर ठेवून दाखवा. माझ्या पेशंटांना सुई दाखवली की जो घाम फुटतो तो त्यांना फुटला. वरची कुठली आणि खालची कुठली हेच त्यांना कळेना. शेवटी एका दाताला त्यांनी ब्रशने असं काही ढकललं, की तो उडाला आणि कुठे गेला ते आजतागायत कळलेलं नाही. बेबीने डोकं धरलं. मी माझ्या धंद्यात हात बघते, तोंड नंतर. घाबरलेल्या हाताचं नाटक करता येतं, पण ते असं होत नाही. त्यांच्या हातात ही कला नव्हतीच.

दुसरी फोटोवाली. तरुण मुलगी, सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावून दातांचे फोटो काढते. आदल्या दिवशी तिनेच दाढेचे शेवटचे फोटो काढले होते. मी तिच्याकडे नुसतं बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, मिळाला चोर.

"माझ्यामुळेच झालं," ती म्हणाली.

४

तिची गोष्ट अशी. आदल्या दिवशी दुपारी फोटो काढून झाल्यावर तिचा फोन वाजला आणि ती बोलायला बाहेर गेली. डबी टेबलावर उघडीच राहिली, शेजारी खिडकी उघडी. सकाळपासून ती मनाशी घोकत होती की वाऱ्याने दाढ उडाली. वाऱ्याने दाढ उडेल हो, पण तिच्या जागी वारा दुसरी दाढ डिंकाने चिकटवेल का, असं मी विचारलं. तिला हसू आलं. शिवाय बेबीने घरी निघण्याआधी डबी बंद करताना दाढ पुन्हा एकदा डोळे भरून बघितली होती, तेव्हा उंचवटा जागेवर होता. मुलगी त्यातून सुटली. कॅमेऱ्याशिवाय कशालाच हात लावायची तिला परवानगी नव्हती, आणि टाचणीवर दात लावायला तिला येतही नव्हतं.

पण जाता जाता ती एक बोलून गेली. काल संध्याकाळी घरी निघताना तिने बेबीच्या खोलीत दिवा बघितला होता. दाराखालच्या फटीतून उजेड येत होता आणि आत जमीन झाडल्याचा आवाज येत होता. तिला वाटलं, ताईच पाहुण्यांसाठी आवराआवर करताहेत. म्हणून तिने दार वाजवलं नाही.

हत्तीवाले दारातच घुटमळत होते. त्यांनी बेबीकडे बघितलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला स्पष्ट दिसलं. खोली बेबीची, हात बेबीचा, टाचणीवरचा ठिपका बेबीचा. उद्या सगळं गाव असंच बघणार होतं. बेबीलाही ते दिसलं. ती खुर्चीत मटकन बसली. मी हिला फ्रॉकमध्ये बघितलं आहे. ही मुलगी पत्त्यांच्या डावातसुद्धा आपले पत्ते चुकून सगळ्यांना दाखवते.

फक्त एक गोष्ट त्या दोघांना ठाऊक नव्हती. काल संध्याकाळी माझा नवरा बेबीला संग्रहालयातून थेट आमच्या घरी घेऊन आला होता. काळजीने तिला एकटीला झोप येणार नाही म्हणून. फोटोवाली तो दिवा बघत होती तेव्हा बेबी माझ्या स्वयंपाकघरात बसून कोबी चिरत होती, आणि इतका जाड चिरत होती की मी तिच्या हातातून सुरी काढून घेतली.

मी सगळ्यांना आत बोलावून दार लावलं आणि मोठ्याने विचार करायला लागले. तशी मला सवय आहे, नवऱ्याला त्याचा त्रास होतो.

ज्याला बेबीचं वाईट करायचंय तो दाढ उचलेल आणि नाल्यात टाकेल. तो जमीन कशाला झाडेल, आणि केर चाळणीत कशाला धुवेल? केर चाळणीत धुतो तो चोर नसतो. त्याच्या हातून काहीतरी पडलेलं असतं आणि ते तो जिवाच्या आकांताने शोधत असतो. आणि हरवलेला दात शोधायला जमिनीचा केर धुवून बघावा, हे कोणाला सुचेल? मला नाही सुचणार, मी वाकून बघेन. हत्तीवाल्यांना नाही सुचणार, त्यांचं हाड पडलं तर आवाज येतो. ज्याने जन्मभर माती धुवून दात काढले त्यालाच ते सुचेल. शोधूनही दाढ मिळाली नाही, तेव्हा त्या माणसाने शेकडो दातांतून वरची, डावी, पहिली, त्याच रंगाची दाढ वेचली आणि ठिपक्याकडे तोंड करून अशी लावली, की बेबीला वाटावं आपणच लावली आहे.

"बेबी," मी विचारलं, "तुला ठिपका लावायला कोणी शिकवलं?"

तिने वळून बघितलं, आणि सरांनी हातातला कप खाली ठेवला.

५

सरांनी काहीच नाकारलं नाही. उलट, बोलायला मिळालं म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा वाटला. ते म्हणाले, मातीच्या त्या कणाने त्यांची झोप उडाली होती. पाहुणे बघणार, हत्तीवाले कणाचं टुमणं लावणार, आणि बेबीच्या इतक्या वर्षांच्या कामावर एवढ्याशा चिखलापायी पाणी पडणार. त्यापेक्षा आदल्या दिवशी तेवढी माती आपणच हळूच काढून ठेवावी. बेबीला विचारलं असतं तर तिने काढू दिली नसती. म्हणून ती गेल्यावर ते आले, टाचणीवरून दाढ सोडवली, ओल्या ब्रशने माती भिजवत बसले. एकदा ब्रश उचलला, पुन्हा बघतात तर काचेवर दाढ नाही. टेबल बघितलं, बाह्या झटकल्या, गुडघ्यांवर बसून सगळी खोली झाडली, केर धुतला. काही मिळालं नाही.

मग त्यांना भीती वाटली. जन्मात एक दात न हरवलेला माणूस म्हणून त्यांची ख्याती. त्यांना वाटलं, तात्पुरती दुसरी ठेवू, सकाळी उजेडात पुन्हा शोधू. पाहुण्यांची नजर आता अधू झाली आहे, एखादे वेळी निभावूनही जाईल. सकाळी शोधायला आले तर बेबी त्यांच्याही आधी येऊन डबी उघडून बसली होती.

हत्तीवाले बाहेर बघायला लागले. एवढ्या मोठ्या माणसाला असं बघणं त्यांनाही जड जात होतं, हे मला त्यांचं आवडलं.

मग बेबी बोलली, आणि तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता.

"हरवली असती तर मी रडले असते आणि पुन्हा पोती धुवायला बसले असते. पण तुम्ही तिथे दुसरी ठेवलीत. पाहुण्यांनी मला लबाड म्हटलं असतं, तेव्हा तुम्ही शेजारी बसून ऐकलं असतंत?"

"रात्रभर तेच विचारतोय स्वतःला," सर म्हणाले. "मी बोललो असतो असं वाटतं. पण सकाळी मी तुला तब्येतीची सबब सांगायला सांगितली. म्हणजे खात्री नाही, बाळ."

त्यांनी डोळे पुसले. बेबीने त्यांच्याकडे पाठ केली आणि उगाचच चाळण्या सारख्या करायला लागली. मला दोघांचंही वाईट वाटत होतं, आणि रागही दोघांचा येत होता, कारण चोर सापडला तरी दाढ सापडलीच नव्हती आणि पाहुण्यांची गाडी स्टेशनात यायची वेळ झाली होती. नुसत्या खऱ्याने बेबीचं भागणार नव्हतं. सरांनी कितीही शपथा घेतल्या असत्या, तरी टाचणीवर दाढ नसेल तर उंदीर नाही, असा त्यांच्या शास्त्राचा नियम आहे. मी सरांना म्हटलं, झालं ते पुन्हा करून दाखवा. जसंच्या तसं, खुर्चीत बसल्यापासून.

ते बसले. नेहमीच्याची एक दाढ काचेवर ठेवली. ब्रश पाण्यात बुडवला, दाढेवरून एकदा फिरवला, उचलला, आणि ब्रशचं टोक फिसकटलं होतं म्हणून ते सरळ करायला ओठांत धरून ओढलं. मग दुसऱ्यांदा फिरवला आणि पुन्हा ओठांत. हे करताना ते सूक्ष्मदर्शकातून डोळा काढत नव्हते. आपण काय करतोय याची त्यांना जाणीवच नव्हती.

फोटोवालीच्या तोंडून बारीक आवाज निघाला. बेबी वळली. आम्ही सगळे त्या ब्रशकडे बघत राहिलो.

६

"गिळली," हत्तीवाले म्हणाले.

बेबी म्हणाली, तिला तर त्यांनी ब्रश तोंडात घालायची सक्त मनाई केली होती. सर ओशाळून म्हणाले, शिकवायचं ते बरोबरच शिकवावं लागतं. त्यांच्या स्वतःच्या उमेदवारीच्या काळात सगळेच तसं करायचे. त्यांना वाटत होतं, सवय केव्हाच सुटली. संध्याकाळी खोलीत एकटे होते, टोकायला कोणी नव्हतं.

खरं सांगते, माझाही धीर सुटला होता. पण बोलता बोलता सरांची जीभ आतून गालाकडे गेली आणि परत आली. सकाळपासून ती तशीच जात होती, मी बघत होते. तसं पेशंट करतातच, पोकळ दाढ असली की जीभ तिथे जाते, म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. मला बिस्किटाचा लगदा आठवला. मी विचारलं, ही बाजू कधीपासून दुखतेय? ते म्हणाले, दुखतेय वर्षभर, पण काल संध्याकाळपासून काहीतरी टोचतंय, बिस्किटाचा तुकडा अडकला असणार. त्या बाजूने ते काही चावत नव्हते, कालपासून तिथे दातांचा ब्रशही लावला नव्हता.

"तोंड उघडा," मी म्हणाले.

इतर बायकांच्या पर्समध्ये चेहरा बघायचा आरसा असतो, माझ्या पर्समध्ये तोंडात घालायचा. मी सरांना खिडकीशी बसवलं. हत्तीवाल्यांनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा उचलून धरला आणि या वेळी त्यांचा हात अजिबात थरथरला नाही. भरण निघालेल्या दाढेत चांगला खड्डा झाला होता. खड्ड्याच्या तळाशी कडक चहाच्या रंगाचं काहीतरी बसलं होतं, अगदी मापाने बसवल्यासारखं. मी बेबीची बारीक सुई स्पिरिटने पुसून घेतली. माझ्या कारकिर्दीत मी अनेक दाढा काढल्या आहेत, पण दाढेतून दाढ कधी काढली नव्हती. हात हलला असता तर ती घशात गेली असती. सरांना म्हटलं, श्वास घेऊ नका, आणि खोलीत सगळ्यांनीच श्वास रोखून धरला.

सुईच्या टोकाला चिकटून ती बाहेर आली. मी काचेवर ठेवली. बेबीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि काच इकडून तिकडे फिरवत राहिली. मला वाटलं, फुटली.

७

पाहुणे आले तेव्हा दाढ टाचणीवर ठिपक्याकडे तोंड करून बसली होती आणि आम्ही सगळे जेवायच्या पंगतीसारखे ओळीने बसलो होतो. म्हातारा गोड होता. हसत हसत सगळ्यांना नमस्कार केला, चष्मा कपाळावर चढवला आणि सूक्ष्मदर्शकावर जो वाकला, तो वाकूनच राहिला. टाचणी फिरवायचा, बघायचा, पुन्हा फिरवायचा.

शेवटी ते म्हणाले, "जास्तीचा उंचवटा आहे. पूर्ण दाताचाच भाग आहे, बुडापासून. मी असा उंदीर आजवर बघितलेला नाही. अभिनंदन, मुली."

बेबीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हत्तीवाले पुढे येऊन वाकले, बघितलं, आणि घसा खाकरून म्हणाले की मातीचा कण नाहीच, त्यांचं चुकलं. असं म्हणायला त्यांना किती कष्ट पडले असतील ते मी जाणते. पण इलाज नव्हता, माती खरोखरच गेली होती. रात्रभर सरांच्या लाळेत भिजून ती पार विरघळली होती आणि उंचवटा मुळापासून स्वच्छ दिसत होता. जे करायला सर आले होते ते झालं होतं, फक्त भलत्याच जागी.

मग पाहुण्यांनी विचारलं, इतकी सुरेख साफ कोणी केली, आणि कशाने? आम्ही तर ब्रशने घासून किती दात फोडले.

बेबीने जमिनीकडे बघितलं. तिने एखादं रसायनाचं नाव सांगितलं असतं तर कोणी शंका घेतली नसती. मीही तोंडातून शब्द काढला नसता, हत्तीवाल्यांनीही नसता. पण सर गुडघ्यांवर हात देऊन उठले.

"मी केली. माझ्या तोंडात," ते म्हणाले, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. ब्रश, केर, खोटी दाढ, तब्येतीची सबब, काही वगळलं नाही. हिला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि ही माझ्याशी कधी खोटं बोललेली नाही, असं दोनदा म्हणाले. पाहुण्यांनी ऐकून घेतलं. हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ते एवढंच म्हणाले की दाढ हीच आहे, फोटोंशी उंचवटा न् उंचवटा जुळतो, आणि शोध या मुलीचा आहे. बाकीचं तुमचं तुमच्यात. मग मात्र त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा मागवला.

त्या दिवशी बेबी सरांशी बोलली नाही. चहा दिला, पण बोलली नाही. मला वाटलं, हे आता असंच राहणार, आणि सरांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते लवकर उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखाना उघडला तर बाकावर सर बसले होते. पळून जाऊ नयेत म्हणून शेजारी बेबी बसली होती आणि तिने त्यांच्या शर्टाची बाही मुठीत धरून ठेवली होती. ती त्यांना घरून घेऊन आली होती. दोघांचेही डोळे सुजलेले दिसत होते, म्हणजे रस्त्यात बोलणं झालं असावं. मी काही विचारलं नाही. सरांना खुर्चीत घेतलं, दिवा लावला, कापूस भरला, भरणाचा मसाला कालवायला घेतला.

बेबी माझ्या खांद्यावरून वाकून त्या खड्ड्यात डोकावली.

"वहिनी, थांब. बुजवण्याआधी नीट बघून घे," ती म्हणाली. "सरांनी अजून एखादा उंदीर ठेवला असेल आत."

सर इतके हसले की तोंडातला कापूस उडून माझ्या चष्म्यावर बसला, आणि मला सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.